उपयोगाचे तास

१३ ऑक्टोबर २००८, विंडसर

आज थँक्सगिव्हिंग. क्लब बंद. सकाळपासून घरात बसून स्वतःचंच डोकं खातोय.

शनिवारी वॉल्टरने मला बोलावून सांगितलं की हिवाळ्यात माझ्याकडे दोन-तीनच विद्यार्थी उरतील. वॉल्टर आमच्या फ्लाइंग क्लबचा चीफ इन्स्ट्रक्टर. म्हातारा भला आहे. सांगताना माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता. त्याचा काय दोष? या गावात विमान शिकायला येणारे निम्मे लोक गाड्यांच्या कारखान्यांतले. शिफ्ट बंद पडली की घरातली पहिली कात्री विमानाला लागते.

म्हणजे आता ठरवायला हवं. एअरलाइनमध्ये जायचं तर उड्डाणाचे तास लागतात. नुसते तास नव्हेत, उपयोगाचे तास. इन्स्ट्रक्टरचे तास म्हणजे त्याच धावपट्टीभोवती घिरट्या, शेजारी बसून दुसऱ्याच्या हातांवर लक्ष ठेवायचं. उत्तर मॅनिटोबातली एक छोटी कंपनी रॅम्पवर माणसं घेतेय. आधी सामान चढवा, विमानांवरचा बर्फ झाडा, मग जागा झाली तर को-पायलटची खुर्ची, तीही दोन इंजिनांच्या विमानात. पुष्कर तिथेच गेलाय. पुष्कर पुण्याचा, आम्ही दोघं इथे बरोबरच शिकलो. तिसरं म्हणजे अल्बर्टात पाइपलाइनची गस्त. छोटं विमान, आपण एकटे, खालून खालून पाइपलाइनच्या रेषेवरून जायचं आणि कुठे गळती दिसते का, कोणी खोदतंय का ते बघायचं. तिथे अप्लाय करून ठेवलंय.

आई म्हणते, "इथेच राहा. घरचं तरी जेवशील." बाबा काहीच म्हणत नाहीत. ते टूल शॉपमध्ये लोखंडाचे साचे बनवतात, आणि तिथेही काम कमी झालंय.

ही वही मराठीत, कारण क्लबात विसरलो तरी कोणाला वाचता येणार नाही. आणि पंधरा वर्षांचा होईपर्यंत रेवदंड्याला मराठी शाळेत होतो. घाबरलो की अजून मराठीतच घाबरतो.

२६ ऑक्टोबर

आज विमानात जळका वास आला. रबर जळावं तसा, आणि मागोमाग काहीतरी गोडसर.

रवींद्रकाकांबरोबर सर्किट करत होतो. टेकऑफ, एक फेरी, लँडिंग, पुन्हा टेकऑफ. काका नागपूरचे, गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. पन्नाशीत विमान शिकायला घेतलंय आणि लहान मुलासारखे खूश असतात. मी त्यांना ताबडतोब खाली उतरवायला लावलं. मेकॅनिकने इंजिनाचं झाकण उघडून तासभर शोधलं. काही नाही.

"तुम्हाला वास आला ना?" मी काकांना विचारलं.

"नाही बा. पण सर्दी आहे मले, कॅप्टन. माझ्या नाकावर जाऊ नका."

टॉवरने मला दोनदा हाक मारली म्हणे. मला ऐकूच आली नाही. शेवटी काकांनीच उत्तर दिलं. हेडसेटची पिन सैल असणार. वॉल्टरचा जुना हेडसेट मागून घेतला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शब्बाथचं जेवण. रेवदंडा सुटलं तरी आमचं ज्यू घर शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारची सुट्टी पाळतंच. आईने दिवे लावले, नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण केलं होतं. बाबांनी मनुकांच्या शरबतावर आशीर्वाद म्हटला आणि पेला माझ्याकडे दिला. मी अल्बर्टाचा विचार करत होतो. समोर बघतो तर मायरा माझ्याकडे टक लावून बघतेय आणि पेला तिच्या हातात.

"दादा, व्हेअर डिड यू गो?"

"कुठे जाणार? इथेच आहे."

"मी तुला तीनदा हाक मारली. तू टेबलक्लॉथ चिमटत होतास. असा." तिने बोटांनी करून दाखवलं.

मी म्हटलं, विचारात होतो. आई म्हणाली, "दमतो गं तो. शनिवारीसुद्धा कामावर जातो." यात टोमणा होता, शब्बाथला मी उडतो म्हणून. मायरा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जे शिकते ते आमच्यावर लावून बघते. मागच्या महिन्यात बाबांना डायबिटीस होता, आता माझी पाळी.

घरात काहीतरी करपल्याचा वास होता, पण कालवण तर छान झालं होतं.

२३ नोव्हेंबर

आज क्लबात माझं कौतुक झालं.

रवींद्रकाका लँडिंगला अजून अडखळतात, शेवटच्या क्षणी माझ्याकडे बघतात. आज उतरल्यावर त्यांनी विमानातून जवळजवळ उडी मारली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"मानलं बुवा तुमाले! मी विचारून राहिलो, फ्लॅप देऊ का, पॉवर कमी करू का, अन् तुम्ही गप्प! दगडासारखे समोर पाहून राहिले. मंग माझ्या ध्यानात आलं, आज परीक्षा आहे. म्हटलं, ठीक आहे. उतरवलं का नाही मी?"

"उतरवलंत की," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मला ते लँडिंग आठवत नाही. शेवटच्या वळणाला आलो, कारखान्याचं पांढरं छप्पर डावीकडे गेलं, एवढं लख्ख आठवतं. त्यानंतर एकदम आम्ही धावपट्टी सोडून टॅक्सीवेवर होतो. सवयीचं काही लक्षात राहत नाही, तसंच हे. गाडी चालवत घरी येतो, रस्ता कुठे आठवतो?

काकांनी सगळ्यांना सांगितलं. वॉल्टर म्हणाला, "गप्प बसायला शिकायला मला दहा वर्षं लागली. तुला लवकर जमलं." मी हसून मान डोलावली. कौतुक कोणाला नको असतं?

४ डिसेंबर

पुष्करचा फोन. त्याच्या मागे वारा एवढा की निम्मं ऐकू येत नव्हतं.

"काय चढवतोय विचार. गोठलेल्या माशांची खोकी, कोक आणि डायपर. गिल्या, इथे आल्यापासून मी विमान आतून फक्त पुसायला बघितलंय."

"खुर्ची कधी देणार?"

"स्प्रिंगला, म्हणतात. आधी म्हणाले होते फॉलला. माझ्यापुढे चार जण रांगेत आहेत, त्यातला एक मालकाचा जावई."

"मग सोडून दे ना."

"आणि जाऊ कुठे? पुण्याला? बाबांना काय सांगू, पायलट झालो आणि हमाली येते?" मग म्हणाला, "तुझं पाइपलाइनचं झालं तर डोळे मिटून घे. कॅप्टनचे मूड सांभाळायला नकोत, विद्यार्थी नकोत. शेजारची सीट रिकामी. स्वर्ग आहे, लेका."

उत्तरेचा रस्ता आज माझ्यापुरता बंद झाला.

२१ डिसेंबर

हनुक्काचा, आमच्या दिव्यांच्या सणाचा, पहिला दिवा. दोन बातम्या एकाच दिवशी.

बाबांचं टूल शॉप मार्चअखेर बंद होणार. त्यांनी जेवायला बसण्याआधी सांगितलं, जसं बर्फ पडणार आहे असं सांगावं तसं. आई म्हणाली, "सगळंच?" बाबा म्हणाले, "सगळंच, बाथशेवा. मशिनं मेक्सिकोला चाललीत." ठाण्याच्या कारखान्यातून इथे येताना त्यांनी हाताने घासलेली हत्यारं सोबत आणली होती. ती तेवढी घरी येतील.

मग मला माझी बातमी सांगायची लाज वाटू लागली. अल्बर्टाहून फोन आला होता. एक एप्रिलपासून या म्हणाले.

सांगितल्यावर बाबा उठून माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आईने दिवा माझ्या हातून लावून घेतला. मायरा एकटीच पाठ फिरवून ताटं मांडत राहिली.

१८ जानेवारी २००९

मायराशी भांडण.

सकाळी मी दूध तापत ठेवलं. ते उतू जाऊन भांडं काळं झालं आणि मी शेजारीच उभा होतो. ती बेसमेंटमधून वर आली ती स्मोक अलार्म ऐकून. मला अलार्म ऐकू आला तो तिने बंद केल्यावर, म्हणजे त्याची शांतता ऐकू आली. विचित्र वाक्य झालं, पण तसंच वाटलं.

"दादा, यू हॅव टू सी अ डॉक्टर."

"कशाला? दूध उतू गेलं म्हणून?"

"तुला माहितीये कशाला."

मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की या देशात पायलट डॉक्टरकडे गेला आणि डॉक्टरला काही गडबड वाटली, तर त्याला ते वर कळवावंच लागतं. कायदाच आहे. आपण निरोगी असलो तरी चौकशी होईस्तोवर लायसन्स अडकतं. मी तिला ओरडून सांगितलं की घरात एकाची नोकरी जातेच आहे, दुसऱ्याची तू घालवू नकोस. ती रडली नाही. भांडं घेऊन घासत बसली. ते निघालं नाही, शेवटी टाकून दिलं.

मागच्या जून महिन्यात माझं मेडिकल झालं. डॉक्टरने विचारलं होतं, कधी चक्कर, कधी शुद्ध हरपली? मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. मला कधीच चक्कर आलेली नाही.

२२ फेब्रुवारी

आजच लिहितो, नाहीतर उद्या मी याचं काहीतरी वेगळंच करून ठेवीन.

मायराच म्हणाली होती, "जायच्या आधी मला एकदा वर ने." मला केवढा आनंद झाला. भांडणानंतर आम्ही धड बोललो नव्हतो. आभाळ निळंशार, थंडी कडक, विमान अशा हवेत नुसतं वर ओढल्यासारखं जातं. मी तिला सेंट क्लेअर तळं दाखवायला नेलं. सगळं गोठलेलं, त्यावर मासे धरणाऱ्यांच्या लाकडी खोपट्या, खोपट्यांमधून स्नोमोबिलच्या रेषा. पलीकडे अमेरिका. ती काच पुसून पुसून बघत होती.

मग तो वास आला. मी तिला विचारलं, "तुला येतोय का गं वास?"

त्यापुढे माझ्याकडे काही नाही.

त्यानंतरची पहिली गोष्ट म्हणजे वाऱ्याचा आवाज. कर्कश. समोर आभाळ नव्हतंच, नुसता बर्फ, आणि तोही तिरका. मायराने दोन्ही हातांनी तिच्या बाजूचं स्टिअरिंग धरलं होतं, जीव खाऊन मागे ओढत होती आणि ओरडत होती, "दादा! हाऊ डू आय मेक इट लेव्हल! दादा!"

ओढू नको, म्हणालो. निदान मला वाटतं मी म्हणालो. पॉवर मागे घेतली, पंख सरळ केले, मग हळूहळू नाक वर. हे माझ्या हातांनी केलं. खाली एक माणूस खोपटीबाहेर उभा राहून वर बघत होता. त्याच्या जॅकेटचा केशरी रंग दिसला, दाढीही दिसली. इतके खाली होतो.

सरळ झाल्यावर मायराचा आवाज बदलला. हॉस्पिटलमधला आवाज.

"तुझं नाव काय?"

"वेडी आहेस का?"

"नाव सांग."

"गिलाद."

"आज वार कोणता?"

"शुक्रवार."

आज रविवार आहे.

विमान मी उतरवलं. ती पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होती, धावपट्टीकडे एकदाही नाही. उतरल्यावर वॉशरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. वॉल्टरने विचारलं, कशी झाली सैर? मी म्हणालो, मस्त.

गाडी तिने चालवली. वाटेत म्हणाली, थोडं इंग्रजीत, थोडं मराठीत, की तू ओठ चाटत होतास, मांडीवर बोटं चोळत होतास, डोळे उघडे होते, आणि विमान आपोआप एका बाजूला वळत गेलं. "मला वाटलं होतं मी चुकतेय. म्हणून आले. आय वॉन्टेड टू बी राँग."

२४ फेब्रुवारी

दोन दिवस मी एकच हिशोब मांडतोय. क्लबात माझ्या शेजारी माणूस असतो. अल्बर्टात कोणी नसणार. म्हणजे अल्बर्टाच बरं. झालंच काही तर माझं एकट्याचं होईल.

मायराला हे बोलून दाखवलं. तिने विचारलं, "पाइपलाइनखाली कोणी राहत नाही?"

मी म्हटलं, शेतं आहेत.

"शेतात कोणी राहत नाही?"

आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही. मायरा म्हणाली, तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि ही धमकी नाहीये दादा, मला दुसरं काही सुचत नाहीये.

१ मार्च

आज क्लबात गेलो होतो. हो, गेलो होतो. गेल्या रविवारनंतरही. रवींद्रकाकांचं एकट्याने उडायचं जवळ आलंय. मी मनाशी म्हटलं, एवढं एक करून देऊ, मग बघू.

विमानाजवळ गेलो तर मागच्या सीटवर त्यांची मुलगी ऊर्मी बसली होती. सहावी-सातवीतली असेल. पट्टा स्वतःच लावून घेतला होता. काका म्हणाले, "मागं लागून राहिली होती कधीची. चालेल ना, कॅप्टन? वजनाचं मी पाहिलं." मुलीने मला इंग्रजीत सांगितलं की तिने सकाळी मुद्दाम काही खाल्लं नाहीये, उलटी होऊ नये म्हणून.

मी आत बसलो. हेडसेट लावला. चेकलिस्ट सुरू केली. ब्रेक. इंधन. तेवढ्यात मागून ती म्हणाली, "मी डोळे मिटले तर चालेल?"

मी हेडसेट काढला. म्हणालो, विमानात काहीतरी बिघाड वाटतोय, आज नको.

"पुन्हा वास आला का?" काकांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. वास आला नव्हता.

तिथूनच मायराला फोन केला की मला घ्यायला ये. वॉल्टरला सांगितलं की पुढचे सगळे धडे दुसऱ्याला दे. का, ते त्याने विचारलं. मला सांगता येईना. त्याने खुर्ची ओढून दिली आणि माझ्याजवळ बसून राहिला, मायरा येईस्तोवर.

संध्याकाळी आई-बाबांना सांगितलं. आई आधी म्हणाली, रेवदंड्याला तुझ्या शीलाआत्याला फिट यायच्या, कोणी बोलत नसे. मग एकदम उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत होतं.

२० मार्च

मेंदूच्या डॉक्टरकडे लंडनला जाऊन आलो. आपलं ऑन्टॅरिओचं लंडन, दोन तासांचा रस्ता. विंडसरच्या डॉक्टरने आधी तपासलं तेव्हाच लायसन्सचं वर कळवलं, मी दवाखान्यातून बाहेर पडण्याआधीच. गाडीचंही. त्यामुळे बाबांनी चालवली.

डोक्याला तारा लावल्या, डोळ्यांवर दिवे मारले. डॉक्टर बाई तरुण होत्या, हळू बोलल्या. अपस्मार. पडून झटके येणाऱ्या जातीचा नाही, जागेपणी मधूनच पुसून टाकणारा. जो जळका वास येतो, तीच त्याची सुरुवात. मी विचारलं, पुन्हा कधी उडता येईल? त्या म्हणाल्या, औषधावर लक्ष देऊ. मी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही दुसरं काय करू शकता याचा विचार करायला लागा.

परत येताना बाबांनी एका ट्रक स्टॉपवर गाडी थांबवली, कॉफी घेऊन गाडीतच बसलो.

"ते होत असताना तुला कळायचं का रे?"

"नाही."

"मला सगळा जन्म भीती वाटायची, मशिनात बोट जाईल म्हणून," ते म्हणाले. "पण पातं समोर दिसायचं. कुठे हात घालायचा नाही ते कळायचं." त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. दहाही बोटं शाबूत. पुढच्या आठवड्यात त्यांचं शेवटचं मशीन जाणार.

घरी आल्यावर अल्बर्टाला फोन केला. म्हणालो, घरगुती कारणांमुळे येता येणार नाही. तो माणूस वैतागला, मग विचारलं, ओळखीचा कोणी आहे? मी पुष्करचं नाव दिलं.

संध्याकाळी पुष्करचा फोन. आनंदाने त्याला बोलता येत नव्हतं. "तू सोडलंस म्हणजे तुला याहून भारी काहीतरी मिळालंय. एअरलाइन? सांग ना, लेका!"

"इथेच थांबतोय," मी म्हणालो.

"लपवतोस. सांगू नको, कळेलच मला."

मी नाही सांगितलं. त्याचा आनंद मला आणखी थोडा वेळ ऐकायचा होता.

५ एप्रिल

रवींद्रकाका घरी आले होते. क्लबात त्यांना कळलं की मी आजारी आहे, म्हणून संत्री घेऊन आले. आईने चहा केला. वल्हांडणाच्या सणाची साफसफाई चालू होती, तरी तिने त्यांना बसवलं, हिवाळा कसा गेला ते विचारलं. ती आत गेल्यावर मी त्यांना सांगितलं. सांगणं भाग होतं.

"काका, त्या दिवशी तुम्ही लँडिंग केलंत ना, मी गप्प होतो तेव्हा. ती परीक्षा नव्हती. मी शुद्धीत नव्हतो."

त्यांनी कप बशीत ठेवला. म्हणाले, "म्हणजे मी एकटाच होतो विमानात?"

"हो."

"म्हणजे ते लँडिंग माझंच होतं. सगळं." त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. खरंच उजळला, मी पाहिलं. मग काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं आणि तो तसाच विझत गेला.

"अन् ऊर्मीला घेऊन आलो होतो तेव्हा?"

"तेव्हा मला माहीत होतं. म्हणूनच उतरलो."

"पण बसले तं होते." त्यांचा आवाज चढला नाही. "पट्टा लावून बसले होते तुम्ही. माझी पोरगी मागं होती."

ते उठले. आई बाहेर येऊन म्हणाली, चहा तर घ्या. ते तिला नमस्कार करून निघून गेले. चहा अर्धा होता.

वॉल्टर सांगत होता की त्यांनी क्लबाचं सदस्यत्व सोडलं. त्यांच्या ऑफिसातही माणसं कमी केलीत म्हणे, कदाचित त्यामुळेही असेल. मला तसं वाटून घ्यायला आवडेल.

२९ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. गोळ्यांनी झोप येते, आणि लिहिण्यासारखं काही होतही नाही.

वॉल्टरने मला क्लबाच्या काउंटरवर काम दिलंय. विमानांचं बुकिंग, चाव्या देणं, रेडिओवर कोण किती वेळात येतंय ते विचारणं. हा त्याचा दुसरा आठवडा. बाबा सकाळी सोडतात, संध्याकाळी न्यायला येतात. त्यांनाही घरात करमत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी हँगरमध्ये उभं राहून इंजिनाचे भाग निरखले आणि मेकॅनिकला म्हणाले, हे घासकाम चांगलं नाही.

गोळ्या लागू पडल्यात. सुरू केल्यापासून एकदाही झालेलं नाही, वाससुद्धा नाही. मी इंटरनेटवर वाचलं की बरीच वर्षं असंच नीट गेलं तर काही देशांत पुन्हा विचार करतात. तेव्हा माझं वय फार झालेलं नसेल. मायराला सांगितलं तर ती म्हणाली, "लेट्स सी, दादा," आणि माझ्यासाठी ताट वाढायला घेतलं.

आज दुपारी जरा गर्दी होती. थंडी ओसरलीय, लोक परत उडायला लागलेत. एक नवा विद्यार्थी काउंटरपलीकडे उभा होता, हात पुढे करून, चावीसाठी. म्हणाला, "काही घाई नाही, मी थांबतो." फार वेळ थांबल्यासारखा दिसत होता. चावी माझ्याच हातात होती. रेडिओचा माइक वॉल्टरच्या हातात होता, तो कधी बाहेर आला मला कळलं नाही, वरच्या विमानाशी तोच बोलत होता. कोणाचा तरी माझ्या कॉफीला धक्का लागला असणार, टेबलभर सांडली होती, मेकॅनिक पुसत होता. मी म्हटलं, मी करतो. तो म्हणाला, झालंच.

लोक माझ्याशी उगाच हळू बोलतात. त्याची सवय करायला हवी.

बाबा आज दुपारीच न्यायला आले. म्हणालो, अजून वेळ आहे ना. ते म्हणाले, "सहज आलो." वॉल्टर त्यांच्याबरोबर गाडीपर्यंत चालत गेला, दोघं काहीतरी बोलत होते, मला काचेतून दिसत होते. वॉल्टर भला माणूस आहे. परत आत येऊन मला म्हणाला, उद्या विश्रांती घे, परवाही घे, मी कळवतो.

घरी मायरा माझी वाट बघत दारातच उभी होती. आज तिचं कॉलेज लवकर सुटलं असेल.

पुढच्या आठवड्यात लंडनला जायचंय. गोळ्या सुरू केल्यापासून एकदाही नाही, हे डॉक्टरांना आठवणीने सांगायचं.